पिवळं कितव्या नंबरचं?

पुण्यात आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहतो. महिन्यातून दोनदा कुणीतरी अ‍ॅपवरून ‘गावरान’ अंडी मागवतो. सहा अंड्यांचं खाकी खोकं, वर सुतळी, आणि किंमत कोपऱ्यावरच्या दुकानातल्या अंड्यांच्या तिप्पट. परवा त्यातलं एक तव्यावर फोडलं तर बलक चक्क केशरी. रूममेट म्हणाला, “याला म्हणतात अंडं!”

मी फोटो काढून दादाला पाठवला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या आमच्या पिंपळगाव रेणुकाईत त्याचं पाच हजार पक्ष्यांचं लेयर शेड आहे. लगेच फोन आला.

“बारा नंबर हाय. फार तर तेरा. तुला पंधरा पायजे का? पंधरा दिवसांत करून देतो.”

मला वाटलं तो थट्टा करतोय. तो करत नव्हता. बलकाच्या रंगाला खरोखरच नंबर असतात. रोश या स्विस कंपनीने त्यासाठी एक पंखा काढला. रंगाच्या दुकानात शेडकार्ड असतं तशा त्याच्या पट्ट्या, फिक्या पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत, १ ते १५. अंडं फोडायचं, पट्टी शेजारी धरायची, नंबर वाचायचा. कोणत्या बाजारात कितवा नंबर चालतो ते व्यापाऱ्याला ठाऊक असतं. मग खाद्यात काय, किती घालायचं ते ठरतं.

कोंबडीला हा रंग स्वतः तयार करता येत नाही. जे खाईल तेच पिवळ्यात उतरतं. पिवळ्या मक्यात ल्युटीन आणि झिअ‍ॅझँथिन ही रंगद्रव्यं असतात, म्हणून मका खाल्ला की बलक पिवळा. पांढऱ्या ज्वारीत ती जवळजवळ नसतातच. हिरवा पाला, घास, झेंडूच्या पाकळ्या खाल्ल्या की पिवळा आणखी भरतो. नारिंगी-लाल हवा असेल तर लाल मिरची, तिच्यातलं कॅप्सँथिन. शिवाय कारखान्यात बनवलेली रंगद्रव्यंही आहेत. त्यातल्या कँथाझँथिनवर युरोपने २००३ मध्ये कडक मर्यादा घातली, कारण माणसाच्या पोटात ते जास्त गेलं तर डोळ्याच्या पडद्यावर त्याचे बारीक खडे जमू शकतात. कवचाचा तपकिरी रंग मात्र जातीवर असतो. तो कुठल्याही खाद्याने बदलत नाही, तरी लोक तोही ‘गावरान’च्या खात्यात जमा करतात.

मिरचीचं नाव निघालं म्हणून जरा थांबतो, कारण आमच्या गावाचं नाव बाहेर निघतं ते मिरचीमुळेच. पावसाळ्यात हिरव्या मिरचीचा बाजार भरतो, परराज्यांतले ट्रक लागतात. झाडावर पिकून लाल झालेली मिरची त्या बाजारात चालत नाही. आजी ती अंगणात टाकायची आणि कोंबड्या ती बियांसकट गिळायच्या. आम्ही पोरं बघत बसायचो, आता एखादी पाण्यासाठी पळेल म्हणून. एकही पळायची नाही. आजी म्हणायची, “त्यायला जीभच नाही.”

जीभ असते, पण तिखट कळायची सोय नसते. माणसाच्या मज्जातंतूंत उष्णता ओळखणारा एक ग्राहक असतो. मिरचीतलं कॅप्सायसिन त्यालाच जाऊन चिकटतं आणि म्हणून तोंड ‘भाजतं’. कोंबडीतही तोच ग्राहक आहे, पण तिचा कॅप्सायसिनला दाद देत नाही. हे २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. याच ग्राहकाच्या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मिरचीच्या बाजूने पाहिलं तर हा सौदा चोख आहे. दाढांनी बी चावून टाकणाऱ्या प्राण्यांना चटका द्यायचा आणि बी अख्खं गिळून दूर नेऊन टाकणाऱ्या पक्ष्यांना सोडून द्यायचं.

थोडक्यात, ज्याला आज पूरक खाद्य म्हणतात ते आजीच्या कोंबड्या अंगणातच वेचत होत्या. उकिरड्यातले किडे, जात्याभोवती सांडलेली कणी, भिंतीचे चुन्याचे पोपडे, दिवसभराचं ऊन. अंड्यांची टरफलं आजी कुटून पुन्हा त्यांनाच घालायची. यातली कोणती गोष्ट कशासाठी लागते हे तिला सांगता आलं नसतं. ते जगाला कळलं कोंबड्या अंगणातून उचलून आत कोंडल्यावर, एकेक गोष्ट हिरावली गेल्यावर. खाद्याचा इतिहास असा उलटा लिहिला गेला आहे.

त्याची सुरुवात डच अमलाखालच्या जावामध्ये झाली. १८९० च्या आसपास ख्रिस्तियान आइकमान हा डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडू लागले, अगदी बेरीबेरीच्या रोग्यांसारखे. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, सडलेला पांढरा भात घातला जात होता (सडलेला म्हणजे कांडून कोंडा काढलेला, नासलेला नव्हे). मग नवा स्वयंपाकी आला आणि लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला. कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि चालू लागल्या. आइकमानला आधी वाटलं, पांढऱ्या भातात विष असावं आणि कोंड्यात त्याचा उतारा. कोंड्यात काहीतरी आवश्यक असतं आणि भातात ते उरत नाही, असा बरोबर अर्थ त्याचा सहकारी ग्रिन्स याने लावला. पुढे त्यालाच ब-१ जीवनसत्त्व म्हणू लागले. आइकमानला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. स्वयंपाक्याचं नाव मला कुठे सापडलं नाही.

त्यानंतर ऊन. १९२३ मध्ये अमेरिकेत डेलावेअरच्या सेसील स्टील या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. परत न पाठवता त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली. फायदा झाला, तसे शेजारीपाजारी या धंद्यात उतरले. पण हिवाळ्यात आत ठेवलेल्या पिल्लांचे पाय वाकायचे. मुडदूसच तो. याच सुमारास विस्कॉन्सिनमध्ये हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवलं की खाद्यावर अतिनील किरण टाकले तर त्यात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि उंदरांचा मुडदूस थांबतो. कॉड माशाचं तेल होतंच. म्हणजे ऊन बाटलीत भरता येत होतं. माझ्या मते खुराड्याचं शेड झालं ते इथे. पक्ष्याला वर्षभर छपराखाली ठेवता येऊ लागलं.

कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम पिल्लांना स्निग्धांश काढलेलं खाद्य देत होता. पिल्लांना आतल्या आत रक्तस्राव होऊ लागला आणि रक्त गोठेना. त्यातून के जीवनसत्त्व सापडलं. त्यातला के रक्त गोठण्याच्या ‘कोआगुलेशन’ या शब्दातला. हिरव्या पाल्यात ते भरपूर असतं. १९४३ चं नोबेल. एकूण काय, कोंबडीने माणसाला नोबेलं मिळवून दिली आणि बदल्यात तिला प्रीमिक्सची पिशवी मिळाली.

आपल्याकडे हे सगळं तयार स्वरूपात आलं. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी हैदराबादेत वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे ती पुण्याची झाली. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने अंड्याचा भाव उत्पादकांनी ठरवावा म्हणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. रविवार-सोमवारची ती जाहिरात तिचीच. दादाच्या शेडमधली पांढरी बीव्ही-३०० कोंबडी याच घराण्यातली. आजीची कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी द्यायची आणि मध्येच खुडूक बसायची. ही तीनशेच्या वर देते आणि खुडूक बसत नाही.

या तीनशेचा हिशेब एकदा करून पाहा. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात वीसेक ग्रॅम. म्हणजे वर्षाला ती स्वतःच्या सांगाड्याच्या तीसपट कॅल्शियम बाहेर टाकते. भिंतीच्या पोपड्यांवर हे कसं भागणार? म्हणून दादा संध्याकाळच्या खाद्यात मोठ्या खड्याची शेलग्रीट टाकतो. कवच मुख्यतः रात्री बनतं आणि मोठा खडा पेटात रात्रभर हळूहळू विरघळत राहतो. बारीक भुकटी तेवढा वेळ टिकत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ ला गेला की ही युक्तीही अपुरी पडते. कोंबडी धापा टाकते, धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि कवच पातळ होतं. मग पाण्यात खाण्याचा सोडा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं दादा भजी करणार आहे.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्हाला ऑपरेशन्स रिसर्च होता. त्यात ‘डाएट प्रॉब्लेम’ असतो. कमीत कमी पैशांत सगळी पोषकद्रव्यं मिळतील असा आहार कसा ठरवायचा? जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये अंदाजाने उत्तर काढलं होतं, वर्षाला ३९.९३ डॉलर. १९४७ मध्ये डँट्झिगची सिम्प्लेक्स पद्धत आली. ती तपासायला नऊ कारकून हिशेबयंत्रं घेऊन बसले आणि १२० मनुष्यदिवस खपून उत्तर आलं ३९.६९. चोवीस सेंटचा फरक! माणसांनी तो आहार कधी खाल्ला नाही. जनावरांच्या खाद्याने मात्र ही पद्धत कायमची उचलली.

त्या दिवाळीत, २०१७ मध्ये, मी दादाला लॅपटॉपवर तसं शीट करून दिलं. टनाला मका साडेपाचशे ते सहाशे किलो, सोयापेंड दोनशेच्या पुढे, शेलग्रीट, डीसीपी, मीठ, किलोभर मिथिओनिन. मका आणि सोयात सगळ्यात आधी कमी पडतं ते हे अमिनो आम्ल. आजीच्या कोंबड्यांना ते किड्यांतून मिळायचं. भाव बदलला की बटण दाबायचं, नवं मिश्रण तयार. खाद्य म्हणजे या धंद्याचा दोन तृतीयांश खर्च. दादा खूश होता आणि माझी कॉलर ताठ.

पण चौदाव्या ओळीपाशी तो अडला. “ही वळ सोडवायची नाही. पिलायला पहिले आठ आठवडे, टनाला शंभर ग्रॅम. असंच राहू दे.” ओळीचं नाव होतं ‘ग्रोथ प्रमोटर’. मी विचारलं, यातून प्रथिनं किती, ऊर्जा किती? काहीच नाही. मग कशाला? “सगळे टाकतात.” मी आकडा गोठवून टाकला. कोड लिहिताना असे आकडे येतातच, कुणी ठेवला ते माहीत नसतं आणि काढायची भीती वाटते.

तो कुठून आला ते मी नंतर वाचलं. १९४० च्या दशकात पिल्लांना पेंड आणि धान्यावर वाढवायचे प्रयत्न चालू होते. पण मासळीची कुटी किंवा तसलं काही नसलं की वाढ खुंटायची. तो हरवलेला घटक म्हणजे ब-१२. उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीला तो फुकट मिळतो. १९४८ मध्ये तो वेगळा काढला गेला. न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली कंपनीत थॉमस ज्यूक्स त्याचा स्वस्त स्रोत शोधत होते. याच कंपनीत आंध्रातल्या भीमावरमहून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधन संचालक होते आणि त्यांच्या हाताखाली बेंजामिन डगर यांनी ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक शोधलं होतं. सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्ये वारले. त्यानंतर ज्यूक्सनी ऑरिओमायसिन काढून उरलेला चोथा पिल्लांना घातला. पिल्लं वाढली, पण ब-१२ च्या हिशेबात बसेल त्याहून कितीतरी जास्त. चोथ्यात उरलेलं प्रतिजैविक ते काम करत होतं. १९५० मध्ये हे जाहीर झालं आणि टनाला काही ग्रॅमची ती सवय जगभर पसरली.

ऊन, पाला, किडे, चुना हे सगळं अंगणात होतं. पोत्यात ते भरून दिलं तर माझी तक्रार नाही. तीनशे अंडी मागायची आणि मिथिओनिनला ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडायचं, हा शहरी ढोंगीपणा मला पटत नाही. ही एकच वस्तू अंगणात कधीच नव्हती.

२०१८ च्या पावसाळ्यात आजीला लघवीचा संसर्ग झाला. आधी जालना, मग तेव्हाचं औरंगाबाद. आठव्या दिवशी ती अतिदक्षता विभागात होती. कल्चरचा रिपोर्ट आला. औषधांच्या नावांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकासमोर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. एका तरुण डॉक्टरांनी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावलं, “एक उरलंय. जुनं आहे, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल.” चिठ्ठीवर नाव होतं कोलिस्टिन. मी आणायला निघालो आणि जिन्यातच थांबलो. ते नाव मी वाचलं होतं. दादाच्या शेडमध्ये, चौदाव्या ओळीच्या पुडीवर, बारीक अक्षरात. कोलिस्टिन सल्फेट.

हे औषध जपानमध्ये सापडलं, १९५९ च्या सुमारास माणसांना द्यायला लागले आणि किडनीवरच्या परिणामांमुळे १९७० च्या दशकात मागे पडलं. जनावरांसाठी मात्र स्वस्तात चालू राहिलं. नवी औषधं थकली तेव्हा डॉक्टरांना जुनं कपाट उघडावं लागलं. तोवर २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या संशोधकांनी जाहीर केलं होतं की डुकरांत आणि मांसात कोलिस्टिनला न जुमानणारं एक जनुक सापडलं आहे. एमसीआर-१ असं त्याचं नाव. ते एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज उडी मारतं.

त्या पुडीचा आणि आजीच्या आजाराचा संबंध मी जोडत नाही, तो जोडता येत नाही. आजीला औषध लागू पडलं. ती घरी आली, दोन वर्षं जगली, पण पुन्हा उकिरड्यापर्यंत चालत गेली नाही. दादाला मी जिन्यातूनच फोन केला होता. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मले कोन सांगितलं होतं?” मी तरी कुठे विचारलं होतं? आकडा गोठवणारा मीच.

सांगणारे होते. ब्रिटनमध्ये १९६९ च्या स्वान समितीने म्हटलं होतं की माणसांना लागणारी प्रतिजैविकं वाढीसाठी जनावरांना घालू नका. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीचा वापर बंद केला, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. आपल्या आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या, मत्स्यपालन आणि पशुखाद्यातल्या पूरकांसाठी कोलिस्टिनचं उत्पादन आणि विक्री बंद केली. स्वानपासून पन्नास वर्षं.

दादाने ती ओळ त्याआधीच काढली होती. शीटने काही तक्रार केली नाही. टनाचा खर्च थोडा कमीच झाला, कारण ती ओळ कुठलीच अट पुरी करत नव्हती. पिल्लांची मरतूक मात्र पहिल्या बॅचला वाढली. मग तो पाण्याच्या पायपांकडे वळला. आत बोटभर शेवाळासारखा थर होता. क्लोरीन आलं, तूस लवकर बदलायला लागला, दोन बॅचमधे शेड रिकामं ठेवायला लागला. प्रतिजैविकाने वाढीला मिळणारा हात घाणेरड्या जागेत जास्त दिसतो आणि स्वच्छ जागेत कमी, हे संशोधकांना १९५० च्या दशकातच कळलं होतं.

२०२१ मध्ये वेगळंच महाभारत झालं. सोयापेंड वर्षात दुपटीच्या वर गेली आणि दादा अर्ध्या शेडवर आला. ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. काही बाजारांत क्विंटलला १० हजारांपुढे गेलेलं सोयाबीन नवा माल येईपर्यंत कोसळलं. आमच्या नानांचं सोयाबीन त्याच नव्या मालात होतं. नाना आणि दादा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. एकाचं पीक तेच दुसऱ्याचं खाद्य, आणि शीटमध्ये ती फक्त तिसरी ओळ.

गेल्या एप्रिलमध्ये आईने गावाहून डब्यात भुसा घालून दहा अंडी पाठवली, आजीच्या कोंबड्यांच्या पिलावळीची. उन्हाळ्यात आमच्याकडे हिरवं काही उरत नाही. कोंबड्या खळ्यावरची ज्वारी टिपत हिंडतात. मी एक अंडं तव्यावर फोडलं. बलक फिक्कट, लिंबासारखा, फार तर चार नंबर.

रूममेटने वाकून पाहिलं. “फार्मचं दिसतंय,” तो म्हणाला आणि आपली अंडी अ‍ॅपवरून मागवायला गेला.